न पाळलेली इद्दत

माझा नवरा मस्कतमध्ये वारला हे आधी माझ्या दिराला कळलं, मग मला, आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला. सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं ठरलं. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊन थोडेच महिने झाले होते. डॉक्टरांनी म्हणे सांगितलं होतं की धक्का बसता कामा नये. हे 'म्हणे' मी मुद्दाम लिहिते आहे, कारण डॉक्टरांना विचारायला कुणी मला नेलं नाही.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. दीर रिक्षा घेऊन शाळेच्या फाटकाशी आला, मला बोलावून घेतलं आणि रिक्षातच सांगितलं. झोपेत गेला. सोबतचा माणूस ड्युटीसाठी उठवायला गेला तेव्हा अंग थंड होतं. मी काही बोलायच्या आत दीर म्हणाला, "भाबी, तोंड धुऊन घ्या. अम्मी बघल." मग त्याने फोनवर एक कागद दाखवला. दफन तिथेच करायचं तर बायकोची संमती लागते. मी काचेवर बोटाने सही केली. ती वाकडी आली.

"परत करा. पासपोर्टवर हाय तशी पायजे."

मी परत केली.

घरी गेले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

"आज लवकर कशी आयलीस गो?"

"डोकं दुखतंय, अम्मी."

"तुजं डोकं कवा दुखत न्हाय? पुस्तकं वाचून दुसरं काय व्हनार?"

मेथी निवडून झाली. मी ती धुतली, चिरली, शिजवली. जेवताना सासूबाईंनी एक काडी ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात नवरा गेला की बायको चार महिने दहा दिवस इद्दतीत बसते. घराबाहेर पडत नाही. जरीचे कपडे, बांगड्या, मेंदी, अत्तर, काही नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती कैद वाटते. मी लहान असताना माझी एक मावशी बसली होती. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात मी वाचत बसायची. बायका यायच्या, तिच्याजवळ टेकायच्या, उठून जायच्या. तिच्याकडे कुणी पाणीसुद्धा मागत नसे. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली तरी कुणी का म्हणून विचारत नसे. मला तेवढंच हवं होतं. एक खोली, आणि मी का रडते असं न विचारणारी माणसं.

त्याच संध्याकाळी दिराने मला जिन्यात गाठलं. "बांगड्या काढायच्या न्हाईत. शाळा चालू ठेवायची. अम्मीला सांगू आपन, पन टाइम बघून."

"कधी?"

"जरा दम धरा ना भाबी. माझा पन भाऊ होता."

एवढं बोलून तो जिन्याचा कठडा धरून रडला. त्याला रडता येत होतं. तो आणि जाऊ वरच्या मजल्यावर राहायचे. मी खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत झोपत होते आणि मधे दार नव्हतं, पडदा होता.

गल्लीने मला पुरसा दिला, म्हणजे सांत्वन केलं, पण चोरून. भाजीच्या गाडीवर कोथिंबीर निवडता निवडता एकीने माझं मनगट दाबलं. शिंप्याच्या दुकानात सासूबाई कापड दाखवत असताना शिंप्याच्या बायकोने माझ्या खांद्याचं माप घेतलं आणि कानाशी म्हणाली, "सबर करा." मग मोठ्याने म्हणाली, "भाभी बारीक झालीय, अम्मी." सासूबाई म्हणाल्या, "बारीक व्हायला काय, मस्त खाते."

तिसऱ्या दिवशी कुराणख्वानी झाली ती कामतघरला, जावेच्या माहेरी. मी गेले नाही. सासूबाईंना एकटं कसं सोडायचं, त्यांना शंका आली असती. माझ्या नवऱ्यासाठी कुराण वाचलं जात होतं आणि मी सासूबाईंच्या पायांना तेल लावत होते. दुपारी जावेने तिथला पुलाव डब्यात भरून आणला.

"कोनाकडचा हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"एक जन गेला आमच्याकडं. वळखीतला," जाऊ म्हणाली.

सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "मेल्याच्या नावानं तरी नीट करावं मानसानं." जाऊ माझ्याकडे न बघता वर निघून गेली. डबा मी घासला.

आता त्या अ‍ॅपबद्दल सांगायला हवं, कारण ते नसतं तर ही लपवाछपवी आठवडाभरही टिकली नसती.

परदेशातून घरी पैसे पाठवण्यासाठी काही तरुण मुलांनी ठाण्यात एक कंपनी काढली होती. माझा दीर त्यांचा भिवंडीतला माणूस. आमच्या गल्ल्यांतून ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांच्या घरी जाऊन तो फोनमध्ये अ‍ॅप टाकून द्यायचा. दापोड्याच्या गोदामांवर जायचा, तिथले नेपाळी पहारेकरी आणि हमाल तिकडे गावी पैसे पाठवतात म्हणून. सगळीकडे एकच बोलायचा, "हुंडीवाल्याचा नाद सोडा. हे सरकारी कायद्यातलं हाय."

त्या अ‍ॅपमध्ये एक गोष्ट होती जी दुसरीकडे नव्हती. पाठवणाऱ्याने एकदा चार शब्द बोलून ठेवायचे. मग दर वेळी पैसे आले की घरच्या फोनमधून तो आवाज निघायचा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना मेसेज वाचता येत नाहीत. आवाज मात्र सगळ्यांना कळतो. ते अ‍ॅप त्या आवाजावरच चाललं.

नवरा शेवटचा सुट्टीवर आला होता तेव्हा दिराने त्याचा आवाज आमच्याच घरात भरून घेतला. बाजूच्या लूमची धूळ उडत होती आणि मला मधेच शिंक आली. नवरा हसला, म्हणाला, "तू जरा भायेर जा." मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आतून त्याचं बोलणं ऐकू आलं. "अम्मी, पैसे पाठवलेत. गोळ्या येळेवर खा. मी बरा हाय." खातं सासूबाईंच्या नावाचं होतं, त्यामुळे आवाजही त्यांच्यासाठीच. माझ्यासाठी काही भरलं नाही. मला तो आठवड्याला फोन करायचाच.

फोन येणं बंद झालं. आवाज चालू राहिला. नवऱ्याचा मोबाइल त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडे होता आणि पिन त्या सोबत्याला ठाऊक होता. महिना झाला की तो मस्कतहून पैसे पाठवायचा. ते पैसे त्याला इथून दीर पोचते करायचा, आणि कसे, तर हुंडीने. लोकांना हुंडी सोडायला सांगत फिरणारा माणूस दर महिन्याला हुंडीवाल्याकडे जात होता, आपलेच पैसे भावाच्या आवाजासह परत यावेत म्हणून. सासूबाईंना सांगितलं की मुलाची बदली वाळवंटातल्या साइटवर झालीय, तिथे फोन नेऊ देत नाहीत, पगाराच्या दिवशी तेवढा शहरात येतो.

पहिल्या महिन्याला फोन बोलला तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. सासूबाईंनी मला हाक मारली, समोर उभं केलं आणि आवाज पुन्हा लावला. मग पुन्हा.

"ऐकलंस? बरा हाय म्हनतो. आनि तू बघ, मेल्यावानी तोंड करून फिरते. हे तोंड बघायला कोन फोन करील?"

दुसऱ्या महिन्यात त्यांनी नवीन शोध लावला. "तिकडं दुसरी केली असंल त्यानं. पोर न्हाय, बाळ न्हाय, घरात ही पुस्तकं घेऊन बसलेली. मर्दानं काय करावं?" हे त्या मला एकटीला म्हणत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत. प्रत्येकीला खरं ठाऊक होतं आणि सगळ्या मान हलवायच्या. एकदा जावेची आई आली होती. ती सासूबाईंना म्हणाली, "केली असंल तर केली, भाभी. मर्दाची जात." मी तिच्यापुढे चहा ठेवत होते. तिच्याच घरी माझ्या नवऱ्याची कुराणख्वानी झाली होती.

गल्लीत मुलींना कुराण शिकवणारी एक आपा आहे. मी शाळेतून येताना तिच्याकडे गेले. विचारलं, ज्या दिवशी सासूबाईंना सांगतील त्या दिवसापासून मला इद्दतीत बसता येईल ना?

"नाही बेटी," आपा म्हणाली. "इद्दत मौतच्या दिवसापासून चालू होते. तू बसलीस नाही तरी दिवस जातच राहतात."

"आणि मुदत संपल्यावर कळलं तर?"

"संपली की संपली. मग काही उरत नाही. तुझ्यावर गुनाह नाही, तू मजबूर आहेस."

गुन्ह्याचं मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी दिराशी आवाज चढवून बोलले. मुदतीतले थोडे तरी दिवस मला मिळाले पाहिजेत, म्हणाले. तू सांगत नसशील तर मी सांगते. तो घाबरला. हात जोडून म्हणाला, "भाबी, एक फंक्शन हाय. तेवढं होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सांगतो, आईशपथ." कंपनी भिवंडीत आपल्या गिऱ्हाइकांचा मेळावा घेणार होती आणि ज्या आईचा मुलगा न चुकता पैसे पाठवतो अशा एका आईचा सत्कार करणार होती. आई कोणती ते कंपनीच्या कॉम्प्युटरने निवडलं होतं. आमचा एकही महिना चुकला नव्हता. "मी कसा न्हाय म्हनू? काय कारन सांगू?" दीर म्हणाला. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासूनचे दिवस मी मनात धरून ठेवले.

कार्यक्रम लग्नाच्या हॉलमध्ये होता. जावेने तिचा हिरवा जरीचा ड्रेस मला घालायला दिला. साधा घातला तर अम्मी विचारतील, म्हणाली. हॉल भरलेला होता. आमची गल्ली, मागची गल्ली, जावेचं माहेर. मंचाच्या मागे मोठा पडदा. कंपनीचा मालक तिशीचाही नसेल, पांढरे बूट घातलेला, बोलायला गोड. सासूबाईंच्या पाया पडला. खरोखर वाकून पडला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्या हॉलमध्ये सासूबाईंखेरीज ज्याला ठाऊक नव्हतं असा तो एकटाच माणूस.

"हम पैसा नहीं भेजते, अम्मीजी," तो माइकवर म्हणाला, "हम बेटे को घर लाते हैं." आणि त्याने तो आवाज लावला.

लग्नाच्या हॉलचे भोंगे मोठे असतात. "अम्मी, पैसे पाठवलेत. गोळ्या येळेवर खा. मी बरा हाय." बायकांनी पदर, ओढण्या तोंडावर घेतल्या. पुरुष जमिनीकडे बघायला लागले. मालकाला वाटलं, लोक भारावलेत. त्याने आवाज पुन्हा लावला.

शाल झाली, मिक्सर दिला. मग त्याने माइक सासूबाईंच्या हातात दिला. दोन शब्द बोला.

सासूबाईंना माइकची भीती वाटली नाही. "पोरगा माझा हिरा हाय," त्या म्हणाल्या. "पैसे पाठवतो. पन फोन करत न्हाय. का करत न्हाय ते मला ठावं हाय." मग त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे हात केला. "ही बसलीय ना हिरवी घालून, हिच्यामुळं. हिनं माझ्या पोराचं मन तोडलं. तुमी सगळी सांगा तिला, त्याची माफी माग म्हनावं."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. एक वाजली की बाकीच्या वाजतात. हॉलभर टाळ्या झाल्या. मी मांडीवर हात ठेवून बसले होते. शेजारून जावेने मला कोपर मारलं, "हसा जरा, फोटो काढतायत." मी हसले. तो फोटो आहे.

मालकाला मराठी अर्धीच कळली असावी. त्याला वाटलं, आईला मुलाशी बोलायचंय. त्याचा चेहरा उजळला. "तो अभी लगाते हैं ना! लाइव!" त्याने नंबर काढला आणि मागच्या पडद्यावर माझ्या नवऱ्याचा फोटो आला, अ‍ॅपमधला, पिवळं हेल्मेट घातलेला. खाली रिंग जातेय असं दिसत होतं. सासूबाई पडद्याकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

रिंग जात राहिली. दीर मंचाच्या कडेला वायरींपाशी उभा होता, पण कुठली वायर ओढायची ते त्याला सुचत नव्हतं.

"ड्युटीवर असंल," कुणीतरी खालून ओरडलं.

"हां, ड्युटीवर असंल!" दुसरा म्हणाला. मग सगळा हॉल बोलायला लागला, बायकापुरुष, म्हातारे, एकमेकांच्या वर चढून. ड्युटीवर असंल, शिफ्ट असंल, उद्या लावा, नमाजचा टाइम असंल. दीडदोनशे माणसं. मी कधी इतकी माणसं एकाच गोष्टीसाठी एवढ्या जीव तोडून ओरडताना ऐकली नाहीत. रिंग बंद पडली आणि मालक हसत म्हणाला, "मेहनती बेटा है." जेवण लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दिराची वाट बघितली. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटला, तर म्हणाला, "भाबी, आत्ताच तर अ‍ॅपवर अम्मीचा फोटो लागलाय. सगळे बघतायत. आज सांगितलं तर कंपनी इचारील ना, तो कवा मेला, मग पैसे कोन पाठवत होता?" मग तो म्हणाला, रमजान जाऊ द्या. मी सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले, सांगायलाच. त्या मिक्सरवर खोबरं वाटत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय हाय? पैसे मागायला आयलीस काय?" त्यांचा हात छातीवर होता, शस्त्रक्रियेच्या जागेवर. तो तिथे नेहमीच असायचा. मला सांगता आलं नाही.

मुदत संपली त्या दिवशी शाळेत परीक्षेआधी पुस्तकं परत घेण्याचं काम होतं. मुली रांगेने येत होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर मी आंघोळ केली आणि पांढरी ओढणी घेतली, तेवढी एक रात्र.

"हे काय सफेद?" सासूबाई म्हणाल्या. "कोन मेला?"

मी ओढणी बदलली.

पुढे दोन महिन्यांनी अ‍ॅपने पैसे पाठवू दिले नाहीत. नवा नियम आला होता. पाठवणाऱ्याने फोन तोंडासमोर धरायचा, कॅमेऱ्यात बघायचं आणि पापण्या मिटायच्या, म्हणजे तोच माणूस आहे याची खात्री. दिराने ठाण्याला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. "सरांना सांगा, फक्त एकदा डोळे उघडून मिटायचेत," ती म्हणाली. "दोन सेकंदांचं काम आहे."

पैसे थांबले, आवाज थांबला. सासूबाई रोज फोन हातात घेऊन बसायला लागल्या. मग एका लग्नाला पडघ्याला गेल्या आणि तिथल्या बायकांना सांगत सुटल्या की ते अ‍ॅप लबाड आहे, माझ्या पोराचे पैसे खाल्ले, माझा धाकटाच त्यांच्यात सामील आहे. त्या बायकांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपापल्या फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं. दापोड्यापर्यंत ते पोचलं. पंधरा दिवसांत कंपनीचा माणूस दिराला जाब विचारून गेला.

मग दिराने सांगितलं. वेळ बघून, जसं तो म्हणाला होता. ओळखीचा डॉक्टर खुर्चीवर बसवला होता, खाली गाडी उभी होती. सासूबाईंच्या हृदयाला काही झालं नाही. त्या दिराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "कवा?"

दिराने सांगितलं.

त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. ईद मोजली, मेळावा मोजला. मग माझ्याकडे वळल्या. हातातल्या बांगड्यांकडे बघितलं. "तवा ही हिरवी घालून बसली होती," त्या म्हणाल्या. "हसत होती." माझं मनगट धरून त्यांनी पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. बांगड्या फुटल्या. मग त्या आक्रोश करायला लागल्या. तसं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि मला त्यांचा हेवा वाटला.

गल्ली पुरसा द्यायला आली, या वेळी उजळ माथ्याने. त्याच बायका, ज्या हॉलमध्ये होत्या. सासूबाईंच्या पलंगाभोवती बसल्या. सासूबाई प्रत्येकीला तेच सांगायच्या. पोरगा मातीत गेला आणि हिनं एक दिवस इद्दत पाळली न्हाय. बांगड्या घालून फिरली. फंक्शनला गेली. बायका गालावर हात मारून घ्यायच्या. "तोबा तोबा," म्हणायच्या. शिंप्याची बायको होती, जावेची आई होती. दीर दारात उभा राहून ऐकायचा. एकदा त्याने तोंड उघडलं, "अम्मी, आमीच सांगितलं होतं तिला," तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू सांगितलंस आनि तिनं ऐकलं. मन असतं तर ऐकलं असतं काय?" यावर बायकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत कळवलं, येत नाही म्हणून. माझ्या खोलीत चटई टाकली, पांढरी ओढणी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आपा म्हणाली होती, काही उरत नाही. मला वाटलं, नसेल उरलं, पण पडायला तर कुणाची हरकत नाही.

पडदा बाजूला झाला. सासूबाई काठी टेकत आत आल्या होत्या. मागे बैठकीत नव्या आलेल्या बायकांचा आवाज येत होता.

"तुजी इद्दत सरली ना कवाच?" त्या म्हणाल्या. "आपाला इचारलं मी. मग हे कोनाला दाखवते? ऊठ, मानसं आलीत. चाय ठेव."

मी उठले आणि चहा ठेवला.